जुनी आरएक्स-८ घेताना

प्रश्न : अल मुंतझात राहतो. जुनी माझदा आरएक्स-८ मिळतेय. काय तपासू? (एक वाचक, दोहा)

उत्तर : गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारा. गरम इंजिन रखडत सुरू झालं, तर रोटरच्या टोकांवरची सील झिजली असावीत. मग या रोटरी इंजिनासाठीच्याच यंत्रावर कॉम्प्रेशन मोजून घ्या. साधा गेज प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे दाखवत नाही. मिनिटाला २५० फेऱ्यांवर दर चौरस सेंटिमीटरला ६.९ किलोच्या खाली आकडा आला, तर इंजिन उघडावं लागणार. ऑइल हे इंजिन मुळातच थोडं जाळतं. ‘थेंबही लागत नाही’ म्हणणाऱ्या मालकाचाच संशय घ्या! दोह्याच्या उन्हाळ्यासाठी रेडिएटर बघाच. फाहेस या वाहन तपासणीचा पास म्हणजे इंजिनाची हमी नव्हे. कॉम्प्रेशन मोजू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.