संकेतस्थळाची स्मृती

ज्या वस्तूची वारंवार गरज पडते ती हाताशी ठेवावी, या व्यवहारातील साध्या नियमावर संगणकातील 'कॅश' या योजनेची उभारणी झाली आहे. मोठ्या परंतु मंद स्मृतीच्या जोडीला लहान व वेगवान स्मृती ठेवण्याची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. संकेतस्थळांसाठी याच तत्त्वावर ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली 'मेमकॅश्ड' तयार केले. साल्व्हातोरे सानफिलिप्पो यांचे 'रेडिस' २००९ साली आले.

वर्डप्रेस या प्रणालीचे उदाहरण घेऊ. सर्वसाधारण वाचकांना दिसणारे पान सर्वांसाठी सारखेच असते. म्हणून ते तयार स्वरूपात साठवून ठेवता येते. प्रशासकीय विभागात ही सोय नाही. तेथे प्रत्येकाचे अधिकार व कामे निराळी असल्याने पान दर वेळी नव्याने रचावे लागते आणि त्यासाठी डेटाबेसकडे अनेकदा विचारणा करावी लागते. मिळालेली उत्तरे वर्डप्रेस स्मृतीत ठेवते खरी, परंतु पान तयार होताच ती पुसली जातात.

ही उत्तरे पुढील पानांसाठी टिकवून धरणे, हे ऑब्जेक्ट कॅशचे कार्य होय. त्यासाठी प्रथम सर्व्हरवर रेडिस चालू करावे व पीएचपीला त्याच्याशी जोडणारा विस्तार बसवावा. नंतर योग्य प्लगिनच्या साहाय्याने 'डब्ल्यूपी-कंटेंट' या फोल्डरात 'ऑब्जेक्ट-कॅश.पीएचपी' ही फाइल ठेवावी. ती आढळताच वर्डप्रेस आपल्या अल्पजीवी स्मृतीऐवजी तिचा उपयोग करू लागते.

येथे काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. एकाच रेडिसवर दोन संकेतस्थळे असल्यास प्रत्येकाच्या नोंदींना वेगळा उपसर्ग द्यावा. अन्यथा एकाची माहिती दुसऱ्यावर उमटण्याचा धोका असतो. स्मृतीची कमाल मर्यादा ठरवावी आणि ती गाठल्यावर कोणत्या नोंदी काढून टाकाव्यात, हेही ठरवून द्यावे. रेडिस बाहेरील जाळ्यास कधीही खुले ठेवू नये.

सर्वांत मोठा धोका शिळ्या माहितीचा असतो. वर्डप्रेसमार्फत केलेला बदल कॅशला सहसा कळतो. परंतु कोणी थेट डेटाबेसमध्ये फेरफार केल्यास जुनीच नोंद दिसत राहते. अशा वेळी कॅश रिकामी करावी. शिवाय, बाहेरील सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यात जाणारा वेळ या उपायाने सहसा वाचत नाही. म्हणून विलंबाचे कारण आधी मोजमाप करून शोधावे आणि मगच उपाय योजावा.