जुन्या जीपचे पाटे व टायर

परांडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावी पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर जुनी जीप रुतली की, पाटे चढवून ती उंच करण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. परंतु त्यामुळे केवळ सांगाडा वर जातो. आसावरील डिफरन्शियलचा गोळा पूर्वीच्याच उंचीवर राहतो आणि चिखलात अडकतो तो तोच. यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. दबलेले पाटे व झिजलेले बुश प्रथम बदलावेत. गाडी मूळ उंचीस येते.

२. टायर मूळ मापाचे, पण खोल व विरळ खाचांचे घ्यावेत. त्यांत चिखल भरून राहत नाही.

३. टायरचा व्यास २ इंच वाढविल्यास आस १ इंचच उचलला जातो. इंजिन व ब्रेक यांवरील भार मात्र वाढतो.

४. फार उंच केलेली गाडी बांधावरून तिरपी उतरताना उलटण्याची भीती असते. ब्रेकच्या नळ्या ताणतात, शाफ्टचे सांधे लवकर झिजतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाहीत. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी.

जीपमध्ये मालाबरोबर माणसेही बसतात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मालकांस अवश्य पटवून द्यावे.