साक्ष आणि तपासणी

सुरतेत मी विज्ञान शिकवतो आणि दर रविवारी मराठी उपासनेला जातो. ‘एवढं शिकून देव मानता?’ असं शाळेत विचारतात. ‘विश्वासू असून उत्क्रांती शिकवता?’ असं मंडळीत. दोन्हीकडे उत्तरं देता देता काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या.

१. औषध घेणं हा अविश्वास नव्हे.
सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. आमच्या घरी संध्याकाळी स्तोत्र वाचलं जाई, आणि त्याच टेबलावर टेट्रासायक्लिनच्या गोळ्या असत. आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. जिवाणू मारायला औषध हवं, आजाऱ्याच्या उशाशी बसायला धीर हवा. तो तिला प्रार्थनेतून मिळे.

२. दुसऱ्याच्या चमत्काराला लावतो तीच कसोटी आपल्याही चमत्काराला लावावी.
१८४४ मध्ये याच सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभा काढली. मंत्रात शक्ती असेल तर ती सगळ्यांसमोर दाखवा, असं आव्हान सभेनं मांत्रिकांना दिलं. हे सांगितलं की आमची मंडळी खूश होते. मग मी विचारतो, ‘मधुमेह गेला’ अशी साक्ष आपल्याकडे कुणी दिली, तेव्हा त्याची साखर कुणी तपासली? काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण साक्ष खरी असेल तर तिला तपासणीचं भय कशाला? आणि खोटी असेल, तिच्या भरवशावर कुणी इन्सुलिन सोडलं, तर देवापुढे जाब कोण देणार? थोमाला जखमा पाहिल्याशिवाय पटणार नव्हतं. प्रभूनं त्याला हाकललं नाही, हात पुढे केले.

३. नव्या सिद्धांताला घाईनं देवाचा पुरावा करू नये.
महास्फोटाच्या कल्पनेचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या विज्ञानाचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते खुद्द लमेत्र. श्रद्धेचा आधार बदलत्या गणितावर ठेवू नये, हे मला त्यांच्यामुळे उमगलं.

४. उत्पत्तीचा पहिला अध्याय मी विज्ञानाच्या तासाला काढत नाही. तासानंतर कुणी विचारलं, तर मनापासून बोलतो.

५. चिकित्सेनं मन कोरडं होत नाही.
मांत्रिकांना आव्हान देणाऱ्या सभेच्या याच दादोबांनी उतारवयात स्वीडनबोर्गच्या लेखनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १८७८ मध्ये लंडनला छापलं गेलं. स्वीडनबोर्ग खाणी, धातू आणि मेंदूचा अभ्यासक, पुढे दृष्टान्त सांगणारा ख्रिस्ती लेखक. दादोबांनी त्याच्याविषयी आदरानं लिहिलं, स्वतः मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत मी आधी ते आव्हान आणि मग हे पुस्तक, अशा क्रमानं दादोबा मांडणार आहे.