सर्व्हिस, सेवा आणि शुश्रूषा



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४.

भावार्थ : भगवंत अर्जुनाला म्हणतात, ज्ञान हवं असेल तर ज्यांनी तत्त्व जाणलं आहे त्यांच्याकडे जा. त्यांना नमस्कार कर, त्यांना प्रश्न विचार, त्यांची सेवा कर. ते तुला ज्ञान देतील.

नमस्कार कळतो, प्रश्नही कळतो. पण सेवा म्हणजे नेमकं काय? या शब्दावर मी मागच्या महिन्यात चांगलीच अडखळले.

झालं असं, की अकोल्याला आजी घरात पडली. पायाचं ऑपरेशन झालं. मी अमरावतीहून लॅपटॉप घेऊन तिच्याकडे राहायला गेले. गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला, मोबाईलमध्ये अलार्म लावले, वॉकर मागवला, जेवणाच्या वेळा ठरवल्या. काका बघायला आले आणि कौतुकानं म्हणाले, "पोट्टीनं भारी सर्व्हिस देली बुवा आजीले!"

आजी पडल्या पडल्या म्हणाली, "सर्व्हिस त चांगली हाये. पण थांबत नाही ना थे माह्यापाशी."

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोप लागेना.

एक शब्द, किती अर्थ

‘सर्व्हिस’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो बघा. बाबा सर्व्हिसला होते, म्हणजे नोकरीला होते. गाडी सर्व्हिसला टाकली, म्हणजे देखभालीला. हॉटेलची सर्व्हिस स्लो आहे, म्हणजे वाढणं उशिरा होतं. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस म्हणजे डावाचा पहिला फटका. हायवेच्या कडेला सर्व्हिस रोड असतो. सरकारी कर्मचाऱ्याचं सर्व्हिस बुक असतं, त्याला आपण सेवापुस्तक म्हणतो. सिव्हिल सर्व्हिस म्हणजे नागरी सेवा.

या इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘सर्वस’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ गुलाम. एक हुकूम देणार, दुसरा तो पाळणार. काम झालं की संबंध संपला.

आता आपल्याकडचे शब्द उघडून बघू.

सेवा : संस्कृतात ‘सेव्’ या धातूचा एक अर्थ आहे जवळ राहणं. औषधाचं ‘सेवन’ हा शब्दही त्याच धातूचा.

उपासना : उप म्हणजे जवळ, आसन म्हणजे बसणं. म्हणजे जवळ बसणं.

परिचर्या : परि म्हणजे सभोवती, चर् म्हणजे फिरणं. आजारी माणसाच्या अवतीभवती असणं.

शुश्रूषा : बोलताना आपण ‘सुश्रुषा’ म्हणून टाकतो. मूळ शब्द ‘श्रु’ धातूचा, म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा!

हे वाचलं तेव्हा मी थबकलेच. आजारी माणसाची काळजी घेण्याला आपल्या पूर्वजांनी ‘ऐकण्याची इच्छा’ हा शब्द वापरला. गीतेच्या अठराव्या अध्यायात, ६७व्या श्लोकात, हे ज्ञान कोणाला सांगू नये ते येतं. त्यात एक आहे ‘अशुश्रूषु’. त्याचा अर्थ ऐकायची इच्छा नसलेला असाही होतो आणि सेवा न करणारा असाही होतो. म्हणजे जो ऐकत नाही, त्याची सेवा अजून सुरूच झालेली नाही.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘आचार्योपासना’ हा एकच शब्द येतो. ज्ञानेश्वर माऊली तिथे कितीतरी वेळ रेंगाळतात. गुरूंच्या घरचं प्रत्येक लहानसहान काम आपणच व्हावं, आणि देह पडल्यावरही त्याची माती गुरूंचे पाय टेकतील त्या जमिनीत मिसळावी, अशी सेवकाची ओढ ते वर्णन करतात. सगळी धडपड जवळ राहण्याची आहे.

आपल्याच मातीतले

आपलं वऱ्हाड तर या शब्दाचं माहेरच. शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि मग रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते लोकांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. राष्ट्रसंतांनी मोझरीत आपल्या कार्याला नाव दिलं ‘श्रीगुरुदेव सेवा मंडळ’. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा केली. ज्यांना गावानं, घरानं दूर केलं, त्यांच्या जवळ जाऊन राहणं हीच तिथली सुरुवात होती.

आणि मी? सख्ख्या आजीच्या खोलीत असूनही तिच्या जवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल बाहेर ठेवला आणि आजीच्या पलंगाला टेकून बसले. म्हटलं, "आजी, बोल." ती म्हणाली, "कधीची सांगून राह्यली तुले, पायाले मुंग्या येतात म्हणून." खरंच, तीन दिवस ती हेच सांगत होती. मी दर वेळी "गोळी घेतली ना?" एवढंच विचारून निघून जात होते. चादर बाजूला करून पाहिलं, तर क्रेप बँडेज घट्ट बसलं होतं आणि बोटं सुजली होती. डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी नर्सला पाठवून पट्टी सैल करून घेतली. संध्याकाळपर्यंत मुंग्या थांबल्या.

तक्ता चुकला नव्हता, अलार्मही चुकले नव्हते. फक्त ऐकणारं कोणी नव्हतं. त्या तीन दिवसांची टोचणी अजून जात नाही.

आता आजी वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. मी अमरावतीला परत आले आहे. रोज रात्री फोन करते, आणि खरं सांगते, अजूनही कधी कधी एका हातानं लॅपटॉप चालूच असतो. मग तिचं ते वाक्य आठवतं, "थांबत नाही ना थे," आणि झाकण बंद करते.

आजचा अभ्यास

घरात ज्यांच्यासाठी आपण ‘सगळं करतो’, अशा एका माणसाजवळ आज दहा मिनिटं बसा. काही करू नका, काही सुचवू नका. फक्त ऐका. जप, पारायण, मंदिरातली सेवा आहेच. तिची सुरुवात घरातून होऊ द्या.

हे विठ्ठला, आमच्या हातांना काम भरपूर दिलंस. आता आमच्या कानांनाही थोडी सेवा दे.

जय हरी!