अळिंबीच्या उरलेल्या पेंढ्यात भाजीची रोपे

धिंगरी अळिंबीचे तीन बहर निघाले की पिशवीतला भाताचा पेंढा आपल्या पाड्यांवर सहसा उकिरड्यावर जातो. तो टाकू नका. मात्र ताजा असताना वाफ्यातही घालू नका. पहिल्या वर्षी ती घाई मी केली. मिरचीची रोपे दोन पाने फुटताच पिवळी पडली आणि बचत गटातील भगिनींचे बियाण्याचे पैसे गेले. चूक माझीच. पेंढा कुजत असताना त्यातले सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. रोपाच्या वाट्याला फारसा उरत नाही.

म्हणून आधी प्लास्टिक काढून पेंढा मोकळा करा आणि अळिंबीच्या खोलीपासून दूर ढीग घाला, नाहीतर माश्या आणि हिरवी बुरशी परत आत येते. थोडे शेण कालवा, ओल टिकवा, दर पंधरा दिवसांनी ढीग उलथवा. साधारण तीन महिन्यांनी तो काळसर होतो, आत हात घातला तर गरम लागत नाही, वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा येतो. मग चाळून घ्या.

गादीवाफ्यासाठी एक भाग हे खत, एक भाग कुजलेले शेणखत, दोन भाग माती. जास्त घालण्याचा मोह नको. क्षार वाढले तर उगवणच घटते. शंका वाटल्यास दहा मेथीदाणे या मिश्रणात आणि दहा नुसत्या मातीत टाका. पाच-सहा दिवसांनी दोन्हीकडचे कोंब मोजा. मिश्रणात कमी दिसले तर ढीग आणखी महिनाभर राहू द्या, आणि टोमॅटोचे महागडे पाकीट तोवर फोडू नका.