अर्ध्या तिकिटाचा वाढदिवस

सातारा, १० मे

चि. मनू हिस,


तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तुझ्या छोटूचाच वाढदिवस आहे. तू पाठवलेले फोटो मी चष्मा लावून दोनदा पाहिले. जंगल सफारी, अंतराळ, समुद्राखालचं जग. सगळीकडे फुग्यांची कमान, मागे छापील पडदा, टेबलावर एका रंगाचे डबे. ‘यातली कुठली थीम घेऊ ते तू सांग,’ असं म्हणालीस. हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

यातली एकही घेऊ नकोस. छोटूने आपली थीम दिवाळीतच ठरवली आहे.

चार दिवस तुम्ही इथे होतात, तेव्हा तू आणि ताई फराळाच्या गडबडीत होतात. मी मात्र त्याच्याकडे पाहत होते. बालवाडीत एकतीस वर्षं घालवल्यावर ही सवय सुटत नाही. त्याने जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या दोन-दोन करून एकामागे एक लावल्या. पुढच्या खुर्चीवर स्टीलचं ताट घेऊन काकांना बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. खिडकीच्या गजाला पायजम्याची नाडी बांधून घेतली होती. एकदा ओढली की गाडी थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. हे त्याला एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनीच कधीतरी सांगितलं असणार. दिवाळी अंकातलं जाहिरातीचं पान फाडून त्याने तिकिटं केली होती. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर ठेवून, कडा जुळवून फाडत होता. मला म्हणाला, ‘आजी, सुटे द्या.’ माझ्याकडे सुटे नव्हते, तर तिकिटाच्या मागे पेन्सिलीने रेघ ओढून दिली आणि म्हणाला, ‘उतरताना घ्या.’ मनू, तिकिटांचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्याबरोबर दोनदा एसटीने आला, तेवढ्यात त्याने हे सगळं टिपून ठेवलं.

थीम ठरवताना एवढंच पाहायचं असतं. कुणी काही सांगत नसताना मूल आपण होऊन काय खेळतं? एखाद्याचं झाडावरच्या मुंगळ्यांत मन रमतं, एखादीला दिवसभर पोळ्या लाटायच्या असतात. त्यातून निघालेला वाढदिवस मूल स्वतः चालवतं. बाहेरून आणलेल्या वाढदिवसात ते नवे कपडे घालून पाहुण्यासारखं उभं राहतं.

हे मी चूक करून शिकले आहे. तुझ्या दादाच्या चौथ्या वाढदिवसाला मी जंगलाचा देखावा केला होता आणि अस्वलाचा पोशाख घातलेला एक माणूस बोलावला होता. दादाला प्राणी आवडतात, एवढाच विचार केला. दारातून ते भलं मोठं तोंड आत आलं आणि पोरगं किंचाळून मोरीत पळालं. आतून कडी लावली. पाऊण तास बाहेर आला नाही. त्या वयात मुखवट्याआड माणूस आहे हे सांगून पटत नाही. डोळे हलत नाहीत, चेहरा ओळखीचा नाही, त्यामुळे मूल भितं. मी बाहेरून हाका मारत होते, आणि मला आत्ता लिहितानाही त्याचं ते हुंदके देत रडणं ऐकू येतं. तू पाठवलेल्या एका पॅकेजात असाच मोठा बाहुला आहे, तो मुळीच नको.

आता आपली गाडी. छोटूचा जन्म १ जूनचा. तुझ्या आजोबांची जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावर १ जूनच होती. त्यांची खरी तिथी कुणाला ठाऊक नव्हती, मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या बेताची तारीख टाकून दिली. त्या पिढीत घरोघरी असे १ जूनवाले सापडतील. पण छोटूची खरीच १ जून आहे, आणि एसटीचीही. १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्यामध्ये पहिली एसटी धावली. काकांच्या नोकरीत तो दिवस डेपोत साजरा व्हायचा. आणखी एक गोष्ट काकांनी काल लक्षात आणून दिली, ती ऐकून मला फार आनंद झाला. एसटीत पाच वर्षांपर्यंत मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा अर्धं तिकीट. म्हणजे यंदाच्या १ जूनला छोटू आईच्या मांडीवरून उठून स्वतःच्या जागेचा प्रवासी होतो आहे. याहून मोठी पाचव्या वाढदिवसाची थीम मला तरी सुचणार नाही.

आमंत्रणच तिकिटाचं कर. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या काप, त्यावर छोटूच्या हाताने ‘अर्धे’ लिहून घे. वाकडं आलं तरी नीट करू नकोस. आणि प्रत्येक मुलाच्या आईला विचारून ठेव, ‘तुमचं गाव कुठलं?’ तुमच्या ठाण्याच्या सोसायटीत कुणाचं चिपळूण असेल, कुणाचं लातूर, कुणाचं पार गोरखपूर नाहीतर कोइमतूर. त्या गावांच्या पाट्या लिही, गाडीला लावतात तशा. प्रत्येक मुलाच्या गावी आपली गाडी थांबली पाहिजे. तिथे ते मूल उतरून सांगेल की आमच्या गावात आजी आहे, विहीर आहे, म्हैस आहे. लाजणारं मूलही आपल्या गावाबद्दल बोलतं, हे मी वर्गात कितीदा पाहिलं आहे.

गाडीसाठी फ्रिजचं नाहीतर वॉशिंग मशिनचं रिकामं खोकं दुकानदार देतो. लाल घोटीव कागद खळीने चिकटवायचा, खिडक्या कापायच्या. हे काम वाढदिवसाच्या आदल्या रविवारी जावईबापू आणि छोटू यांनी मिळून करावं. मुलाच्या दृष्टीने वाढदिवस तिथूनच सुरू होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पानं, बिया, दगड, शिंपले यांतून बालवाडी उभी केली, ती केवळ पैसे नव्हते म्हणून नव्हे. मुलाला ज्या वस्तूचं काहीतरी करता येतं, तीच त्याची होते. छापील पडद्याचं मूल काय करणार? थर्माकोलचं नाव आणि थर्माकोलच्या डिश तर आणूच नका, २०१८ पासून आपल्या राज्यात त्या डिशवर बंदीच आहे. पत्रावळी घ्या.

खेळ दोनच ठेव, तेही कुणी बाद न होणारे. संगीत खुर्चीऐवजी रुमाल टाकून जागा धरायची. खुर्च्या मुलांइतक्याच, एकही कमी नाही. कुणाचा रुमाल कुठे पडला ते शोधण्यातच मजा असते. दुसरा घाटाचा. कंडक्टर ‘डावं वळण’ म्हणाला की सगळ्यांनी डावीकडे कलायचं, ‘खड्डा’ म्हणाला की उडी. कंडक्टर अर्थात छोटू. काकांचा तिकिटाचा चिमटा निवृत्तीच्या वेळी डेपोत जमा झाला, तो मिळणार नाही. कागदाला भोक पाडायचा एका भोकाचा पंच घेऊन दे. पाच वर्षांच्या बोटांना तो दाबायला जोर लागतो, म्हणून तो आवडतोही.

मुलं सहा-सात, फार तर आठ. पंचवीस बोलावलीस तर तुझ्या हॉलमध्ये गाडी नाही, बाजार भरेल. वेळ पाच ते सात. या वयाचं मूल दोन तासांवर टिकत नाही, मग रडारड होते आणि आपण म्हणतो, मुलं हट्टी आहेत. केक शेवटाला ठेवू नकोस. आधी पाट, रांगोळी, औक्षण, लगेच केक, मग खेळ. निरांजनाची ज्योत त्याला शांतपणे पाहू दे, फोटोसाठी मान वळवायला लावू नकोस.

खायला स्टँडवरचंच कर. छोटे बटाटेवडे, कागदाच्या पुडीत चुरमुरे, कैरीचं पन्हं. ते दिवस उकाड्याचे, पन्हं जास्त लागेल. आख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊ नकोस, घशात अडकतात. समोरच्या घरातलं दोन वर्षांचं बाळ येणार असेल तर फुगेही नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला की श्वासनलिकेवर चिकटून बसतो. गॅसचे फुगे मेणबत्तीजवळ पेट घेतात, आपल्याकडे त्यात हायड्रोजन भरलेला असू शकतो. वाढदिवसाला उडवतात तो फेसाचा फवाराही ज्योतीवर पेटतो. या दोन्ही वस्तू घरात आल्याच नाहीत तर मला झोप लागेल.

परतभेट म्हणून प्रत्येकाच्या गावाची पाटी त्याच्या हातात दे. मूल ती घरी नेऊन दाराला लावेल, आजोबांना फोन करून दाखवेल.

तुझ्या भिशीतल्या मैत्रिणी काय म्हणतील, असं तू फोनवर दोनदा म्हणालीस. त्यांना पंच हातात देऊन एका स्टॉपवर उभं कर. काम मिळालं की माणसं पाहणी करत नाहीत.

शेवटची एक विनंती, तिच्यासाठी मी हे सगळं पत्र लिहिलं असं समज. २ जूनला छोटूला घेऊन ठाण्याच्या खोपट स्थानकावर जा आणि साताऱ्याच्या गाडीत बसव. बायकांच्या सवलतीमुळे तुलाही आता अर्धंच तिकीट आहे. कंडक्टरला पैसे त्याला स्वतःच्या हाताने देऊ दे, सुटे. ते पहिलं अर्धं तिकीट चुरगाळू नकोस, वहीत ठेव. गाडी किती वाजता पोचते ते कळव. काका आणि मी स्टँडवर येऊन उभे राहू.

तुझी,
मावशी