भरलेली दाढ पुन्हा किडू नये म्हणून: एक प्रश्न, चार वाटा

दाढेत सिमेंट भरून घेतले, तरी काही वर्षांनी त्याच्याच कडेला पुन्हा कीड का लागते? दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने कडक होते आणि कडक होताना साधारण २ ते ५ टक्के आकसते. त्यामुळे दात आणि भरण यांच्यात बारीक फट राहू शकते. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू तिथे ठाण मांडतात, साखरेपासून आम्ल बनवतात आणि दात पोखरतात.

मग भरणानेच जंतूंना रोखले तर? त्यासाठी जगभरचे संशोधक चांदी, झिंक ऑक्साइड, कायटोसान यांचे १ ते १०० नॅनोमीटरचे कण त्यात मिसळून पाहत आहेत. कण जितके लहान, तितका एकूण पृष्ठभाग मोठा. म्हणून थोडी चांदीही पुरते. तिचे आयन जिवाणूचे आवरण आणि आतली विकरे निकामी करतात. पण चांदी जास्त झाली तर भरण काळपट पडते, प्रकाश खोलवर पोचत नाही, दाताच्या जिवंत पेशींनाही इजा होऊ शकते. आयन संपत गेले की परिणामही ओसरतो. हे प्रश्न अजून सुटायचे आहेत, म्हणूनच आज बारावीत असलेल्या मुलांसाठी इथे काम आहे.

या विषयासाठी परदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या मदतीने चांदीचे नॅनोकण तयार केले. बुरशीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट घातले की द्रावण तपकिरी होते. कण तयार होत असल्याची ती पहिली खूण. या कणांच्या जंतुरोधक गुणांवरचा त्यांचा आढावा २००९ मध्ये ‘बायोटेक्नॉलॉजी अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला आणि जगभर संदर्भासाठी वापरला गेला. ते काम दातांपुरते नव्हते, पण जंतुरोधक भरणाला लागणारा पाया हाच आहे.

इथे पोचायच्या वाटा

दंतवैद्यक: नीट, मग ४ वर्षांचे बीडीएस व १ वर्ष इंटर्नशिप, पुढे ३ वर्षांचे एमडीएस. अमरावतीत आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात बीडीएसची सोय आहे.

सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान: बीएस्सी, एमएस्सी. नवे भरण जंतूंना खरोखर रोखते का, हे तपासणारे हेच लोक.

रसायनशास्त्र: कण आणि पॉलिमर यांचा मेळ घालणारे. १९२३ मध्ये सुरू झालेली अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था हाताशी आहे. पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी).

मटेरियल्स, मेटलर्जी: गणित घेतलेल्यांसाठी जेईई मेनमधून नागपूरची व्हीएनआयटी. चावण्याचा दाब भरण किती सोसते, हे या शाखेचे अभियंते मोजतात.

पालकांसाठी

नीटमध्ये गुण कमी पडले, तर या चारपैकी एकच दार बंद होते. घरात रडारड होण्याआधी हे मुलांना सांगा.

बारावीनंतर लगेच नावात ‘नॅनो’ असलेला महागडा कोर्स घेऊ नका. मूळ विषय पक्का असेल तर नॅनो नंतर शिकता येते. वेळेचा हिशोबही आधीच मांडा. एमएस्सीपर्यंत ५ वर्षे, पीएचडीला आणखी ४ ते ५. मात्र नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती असते. त्या काळात घरावर भार पडत नाही. संशोधन नको असेल, तर दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपन्यांत उत्पादन, गुणवत्ता तपासणी आणि परवान्यांचे काम आहे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत दंतसाहित्यही येते, त्यामुळे चाचण्यांची कागदपत्रे समजणारी माणसे लागतात.

प्रवेश अर्ज भरण्याआधी एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा आणि एखाद्या दंतवैद्याचा दवाखाना मुलामुलींना दाखवून आणा. मग विचारा: रुग्णाशी बोलणे, जंतू वाढवणे, रसायने बनवणे, ताकद मोजणे, यातले कोणते काम कंटाळा न येता रोज करशील? पसंतीक्रमात पहिले नाव त्या उत्तराचे असू द्या.